एका हातावर दहा

शोभा कांबळे हल्ली मासळी घेताना तोंडानं बोलत नाही, बोटांनी बोलते. तेही चिनी बोटांनी. चिनी लोक म्हणे एकाच हातावर दहापर्यंत मोजतात. आठ म्हणजे अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ताणायचं. दहा म्हणजे सरळ मूठ. हे ज्ञान पोटात मावेना, तेव्हा तिनं नवघरच्या बाजारात राई गावाहून येणाऱ्या कोळीण मावशीकडे आठ बोंबील मागितले. अंगठा आणि बोट ताणलेलं पाहून मावशी म्हणाली, "येवरे मोटे न्हाय आज." शोभानं विचार बदलला आणि दहा मागितले. तोंडापुढे मूठ आल्यावर मावशीनं विळी बाजूला सारली आणि पदर खोचला. शेवटी मध्ये पडून बोंबील मी घेतले, मराठीत.

शोभा माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या बाहेरच्या खोलीत एकच भिंत. मूळची लातूरकडची, इस्पितळात परिचारिका होती, आता निवृत्त. माहेरपणाला जावं असं कुणी राहिलं नाही आणि मूलबाळ नाही. नवरा होता, तो मागच्या वर्षी गेला. शिकण्याचं मात्र तिला पहिल्यापासून व्यसन. पेटी शिकली. बाथरूममध्ये अळंबी लावली. मिक्सर दुरुस्त करायला शिकली, त्यात माझा मिक्सर गेला. प्रत्येक वेळी वाक्य ठरलेलं: "सोपं असतं हो नलूताई, आपण उगाच भितो."

आता ही चिनी. रोज दुपारी चार वाजता तिच्या टॅबवर चीनमधली एक पोरगी उगवते. कपाळावर केसांची झालर, गालाला खळी. शोभा तिला 'लाओशी' म्हणते, म्हणजे बाई. माझ्या धाकट्या सुनेहून लहान असेल, तिला बाई! पुढच्या वर्षभराचे पैसे आधीच भरून टाकलेत.

चीनशी माझं वैर नाही. माझं वैर आहे ते चार वाजण्याशी. गेली कित्येक वर्षं चार वाजता शोभा माझ्याकडे चहाला यायची. आलं मी किसायचं, साखर तिनं घालायची, आणि मग सहापर्यंत अख्ख्या बिल्डिंगची तपासणी व्हायची. आता चार वाजता माझ्याकडे फक्त मी आणि आलं. आमचे हे म्हणाले, "तू पण लाव की क्लास." मी म्हटलं, गप्पा मारायला पैसे कोण देतं? मी तर तिच्याशी फुकट मारत होते.

चिनीच का, असं विचारलं तर उत्तर रोज वेगळं. कधी म्हणते, बुद्ध तिकडे पोचला, मग मी का नको? तिच्या मागच्या कपाटावरची बुद्धाची मूर्ती दिसली तेव्हा त्या पोरीनं पडद्यातून हात जोडले होते, हे मला तिनं तीनदा सांगितलं. कधी म्हणते, "घरातल्या निम्म्या वस्तूंच्या पाठीवर चिनी लिहिलेलं असतं. माझ्या घरात राहून मला न कळणारं बोलतात म्हणजे काय?"

आणि बिल्डिंगमध्ये तिचा काय तो भाव! खालच्या मजल्यावरच्या मेहताभाभींकडे बांगड्यांचं खोकं आलं, त्यावर चिनी अक्षरं. "शोभाबेन, देखो ना क्या लिखा है." सगळ्या बायका जमल्या. शोभानं चष्मा लावला, बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "ही बाजू वर ठेवा." टाळ्या पडल्या. अक्षरांशेजारी वरच्या दिशेला एवढा मोठा बाण होता. तो मलाही दिसत होता. मला कुणी विचारलं नाही.

मग मीही चार वाजता माझा चहा घेऊन त्या भिंतीला पाठ लावून बसू लागले. पाठीला गार वाटतं म्हणून. आता भिंतीतून काही ऐकू आलं तर मी काय कान कापून ठेवू? एकच शब्द चार चालींवर म्हणायचा, चुकला की दोघी हसायच्या. ते हसू माझ्या अगदी जिवाला लागायचं. तसं हसायला तिला मी लागायचे. मला मात्र या बसण्यात आकडे पाठ झाले. ई, अर, सान. एक पैसा न भरता.

आणि एक दिवस सुवार्ता आली. शोभा सातव्या धड्यावर अडली. त्यांचा नियम असा की धडा बाईंसमोर स्वतःच्या तोंडानं म्हटल्याशिवाय पुढचा उघडत नाही. भिंतीतून पोरीचा प्रश्न यायचा आणि मग नुसती शांतता. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला तरी तेच. शंभरपर्यंत धडाधड म्हणणारी ही बाई गप्प! खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्या आनंदात मी शेवयांची खीर केली, सढळ हातानं वेलची घातली आणि ऐन चारला सांत्वनाला गेले.

दार उघडंच होतं. टॅब टेबलावर, त्यात ती पोरगी गालावर हात ठेवून वाट बघतेय. शोभा मांडीवर हात घेऊन बसली होती. मी हळूच विचारलं, "काय अडलंय एवढं?"

"विचारते, घरात माणसं किती."

"मग सांग की, एक. 'ई' म्हणायचं. मला येतं, तुला येत नाही?"

मला कसं येतं, हे तिनं विचारलं नाही. खिरीच्या वाटीकडे बघत म्हणाली, "येतं हो ताई. आधी आम्ही दोघं होतो. हे गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघतच नाही."

या वेळी तिनं सोपं असतं म्हटलं नाही. मला वाटी कुठे ठेवावी ते सुचेना. चारचा चहा चुकला म्हणून मी महिनाभर फुगून बसले होते आणि हिच्याकडे सहानंतर काय असतं, ते माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

तेवढ्यात पोरीला मी दिसले. ती शोभाला काहीतरी म्हणाली. शोभानं माझा हात धरून मला ओढलं, शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि पोरीला चिनीत काय ते सांगितलं. त्यातलं मला एवढंच कळलं, 'नलूताई'. पोरगी एकदम उजळली आणि मान हलवत म्हणाली, "नालुताय!" बोट माझ्या खिरीच्या वाटीकडे. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाली की रोजच्या धड्यात नालुताय असतेच, तिची खीर असते, चहा असतो, एक मेलेला मिक्सरही असतो.

म्हणजे माझे चार वाजता हिनं बंद केलेच नव्हते. फक्त टॅबवर नेले होते. तरी मला सांगायला काय झालं होतं?

पोरीनं पुन्हा प्रश्न विचारला. शोभानं माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि उत्तर दिलं. सबंध वाक्य, न अडखळता. पोरीनं टाळ्या वाजवल्या, आठवा धडा उघडला.

वाक्य मला समजलं नाही. पण बोलताना तिनं सवयीनं हात वर केला होता. चिन्यांचे आठ वेगळे, दहा वेगळे. दोन मात्र त्यांच्याकडेही दोन बोटांचेच असतात.