गोगलगाईचा एक बदाम

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो. थोडं सांगणं मला जमत नाही असं माझ्या बायकोचं मत आहे, पण ती घरचीच असल्यामुळे तिची साक्ष ग्राह्य धरू नये. मी चष्म्याचं दुकान चालवतो असं लोकांना वाटतं आणि मी ते वाटू देतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं वाचत असतं, तेव्हा मी गिऱ्हाईक वाचत असतो. नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची. बायको विचारते की मग माणसाचं काय आहे तुमच्यात, पण अलंकार हा विषय तिचा शाळेपासून कच्चा आहे. आजवर मी असंख्य प्रकरणं हाताळली. त्यातली काही सुटायची राहिली आहेत एवढंच.

हे प्रकरण घेऊन आल्या त्या साक्षात माझ्या सासूबाई. भर दुपारी दुकानात येऊन त्या तपासणीच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची किंचित मागे झुकली तशा "अगं बाई" म्हणाल्या. मी लगेच ओळखलं की त्या बसल्या आहेत.

सासूबाईंचा भित्रेपणा आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. लिफ्टला त्या घाबरतात, सोड्याची बाटली उघडायची असली की शेजारच्या खोलीत जाऊन बसतात, टोस्टरमधून पाव वर उडाला की रोज नव्याने दचकतात. सगळ्यांनी त्यांना जन्मभर हसून घेतलं. पण सासरे गेल्यावर याच गुणावर त्यांना गावाबाहेरच्या मोठ्या थीम पार्कमध्ये नोकरी लागली. घाबरण्याचा पगार घेणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.

त्याचं असं झालं होतं. पार्कात रोलर कोस्टर बरेच, आणि घाबरट पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, की आमच्या जिवाला यातलं कुठलं झेपेल? इंजिनीअर लोकांना विचारून उपयोग नव्हता. त्यांची काळजं लोखंडाची, ते प्रत्येक गाडीकडे बोट दाखवून "यात काय आहे" म्हणायचे. म्हणून मॅनेजरने एक अस्सल भित्रं माणूस शोधलं. सासूबाई गाडीत बसायच्या, उतरल्यावर भीती किती वाटली ते सांगायच्या, आणि तेवढे लाल बदाम त्या गाडीच्या पाटीवर रंगवले जायचे. सीटपुढचा बार नुसता घट्ट धरला तर एक बदाम. "अगं बाई" निघालं तर दोन. "आई गं" म्हणजे तीन. चौथ्या बदामाला त्या वारलेल्या सासऱ्यांना "अहो" अशी हाक मारायच्या, आणि पाचव्याला आवाजच फुटायचा नाही.

भानगड गोगलगाईची होती. गोगलगाय हा पार्कातला सर्वांत गरीब कोस्टर, तळ्याभोवती एक फेरी घालून परत येणारा. बदाम एकच. आमच्या शाळेची बस याहून जोरात वळायची. पण गेला महिनाभर गोगलगाईतून उतरणाऱ्यांचे चेहरे पांढरेफटक पडू लागले होते. एका गृहस्थांनी तर उतरल्या उतरल्या बायकोची माफी मागितली, कशाबद्दल ते दोघांनाही सांगता येईना. याउलट पाच बदामांच्या महाराक्षसातून लोक केस नीट करत उतरायचे आणि चहा कुठे मिळेल म्हणून विचारायचे.

मॅनेजरने निष्कर्ष काढला होता की सासूबाईंची भीती बोथट झाली. रविवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर मनगटावर बांधायचं ठोके मोजणारं यंत्र आणायचं आणि सासूबाईंना निरोप द्यायचा, असं ठरलं होतं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "जन्मभर मला भित्री म्हणून हसले सगळे. तिथे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, मावशी, किती भीती वाटली? आणि मी सांगितलं ते पाटीवर रंगवलं. आता म्हणतात, तुम्हाला नीट घाबरता येत नाही."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण गुप्तहेराला ते परवडत नाही. मी नुसतं नाक शिंकरलं आणि प्रकरण हाती घेतलं.

शनिवारी सकाळी मी माझ्या सहायकासह, म्हणजे बायकोसह, पार्कात दाखल झालो. सासूबाई सोबत होत्याच. बायको म्हणाली, आधी गोगलगाईत बसून बघा. मी तिला समजावलं की खरा गुप्तहेर गुन्ह्यात बसत नाही, तो गुन्ह्याभोवती फिरतो. मग मी गोगलगाईभोवती फिरलो. गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण पूर्वजांनी उगाच केलेली नाही, म्हणून मी रुळांशेजारी आडवा होऊन गाडीच्या पोटात डोकावलो. तिथे चाकं होती. ही बाब मी जवळच्या मिस्त्रीच्या कानावर घातली. तो म्हणाला, नसली तर आधी मला सांगा. माझ्या नाकाला वंगण लागलं होतं, ते मी पुरावा म्हणून तसंच ठेवलं.

मग माझी नजर बाहेरच्या वाटेवरच्या सरबतवालीवर गेली. चौकशीत तिने स्वतःहून कबूल केलं की महिनाभरात तिचा धंदा दुप्पट झालाय, लोक घसा कोरडा पडून येतात. घाबरवून घसे सुकवायचे आणि वर सरबत विकायचं! इतका थंडगार कट मी आजवर पाहिला नव्हता. मी तिला रोखून विचारलं, गाडी सुटते तेव्हा तू कुठे असतेस? ती म्हणाली, इथेच, जाणार कुठे, आणि तुम्ही ग्लास हातात धरून ठेवलाय तो पिणार आहात का? मी तीन ग्लास प्यायलो. तिसऱ्या ग्लासानंतर तिच्यावरचा संशय कमी झाला.

खरी वीज चमकली ती मात्र गाडीजवळच्या ट्रेमुळे. गाडीत बसताना लोक त्यात चष्मे काढून ठेवत होते. आता सांगा, आयुष्यभर चष्मे विकलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला हवं? नंबरवाल्याला चष्म्याविना झाड दिसत नाही, अक्राळविक्राळ आकृती दिसते. मी प्रयोग म्हणून बायकोचा चष्मा काढून घेतला आणि समोर काय दिसतंय ते सांगायला सांगितलं. झाड, ती म्हणाली. पुढे म्हणाली की तुम्ही मात्र चष्म्याशिवाय बरे दिसता. प्रयोग तिथेच थांबवावा लागला.

महाराक्षसाबद्दल माझा सिद्धान्त सोपा होता. लोक घाबरत नव्हते, कारण ते आतच बेशुद्ध पडत होते. खातरजमा करायला मी उतरणाऱ्या एका तरुणाला विचारलं, आपण शुद्धीवर आहात ना? त्याने माझ्या नाकावरच्या वंगणाकडे पाहिलं आणि तोच प्रश्न मला विचारला.

दुपार झाली. सासूबाई बाकावर बसून नुसत्या हातरुमालाला पीळ घालत होत्या. रविवार उद्यावर आला होता आणि माझ्याकडे चाकं, सरबत आणि चष्मा यांना जोडणारा धागा तेवढा सापडायचा होता. इतक्यात बायकोने आईला एक अगदीच बाळबोध प्रश्न विचारला.

"आई, तू या गाडीत बसतेस कशी?"

सासूबाईंनी सांगितलं की पार्क उघडायच्या आधी, मागच्या दाराने, गळ्यात कामाचा बिल्ला घालून. ऑपरेटर "बसा मावशी" म्हणतो आणि बटण दाबतो. बायको म्हणाली, मग आज बिल्ला काढ, तिकीट काढ आणि चारचौघांसारखी रांगेत उभी राहा. तुम्हीही चला, असं ती मला म्हणाली. गुप्तहेर आणि गुन्हा यांच्यातलं अंतर मी तिला पुन्हा समजावणार होतो, पण तिने तोवर दोन तिकिटं काढून आणली होती.

अशा रीतीने मी आणि सासूबाई गोगलगाईत शेजारी शेजारी बसलो. बायको कठड्याबाहेर राहिली. ऑपरेटर महिन्याभरापूर्वीच इथे रुजू झालेला, हे मला रांगेतल्या एका बाईंकडून कळलं. मी ते आधी विचारलं नव्हतं, कारण फारच सोपा प्रश्न होता. माणूस वयस्क, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज कापसासारखा मऊ. गर्दीत बिल्ल्याविना त्याने सासूबाईंना ओळखलं नाही. तो माझ्यापाशी येऊन वाकला आणि सकाळपासून पोटात काय गेलंय ते विचारलं. सरबत, मी म्हणालो. त्याने गंभीरपणे मान हलवली. अंगठी, घड्याळ, दातांची कवळी असं काही असलं तर काढून द्या म्हणाला. बरोबर कोण आलंय असं विचारलं. मी बायकोकडे बोट दाखवलं, तसा तो कठड्याशी गेला आणि हलक्या आवाजात तिला म्हणाला, तुम्ही इथेच थांबा, कुठे जाऊ नका, झालं की आम्ही सांगतो. बायकोने पर्स घट्ट छातीशी धरली.

मग तो परत आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अजिबात घाबरायचं नाही. हल्ली फार पुढे गेलंय सगळं. डोळे मिटा, मोठा श्वास घ्या. तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही."

मी ओरडलो. साधासुधा नाही, असा ओरडलो की तळ्यातली बदकं पलीकडच्या काठाला गेली. दुकानाच्या किल्ल्या कुठे आहेत ते मी बायकोला ओरडून सांगितलं, तिच्या चष्म्याबद्दल माफी मागितली. शेजारी सासूबाईंनी डोळे मिटून "अहो" अशी हाक मारली. चार बदाम! आणि पाचवा यायच्या बेतात असताना त्या एकदम गप्प झाल्या. त्यांनी एक डोळा उघडला, खाली वाकून रुळाकडे पाहिलं.

"जावईबापू, थांबा," त्या म्हणाल्या. "गाडी हललीच नाहीये अजून."

खरंच हलली नव्हती. सासूबाईंनी ऑपरेटरला जवळ बोलावून तो आधी कुठे कामाला होता ते विचारलं. हॉस्पिटलात, तो म्हणाला, आयुष्य तिथेच गेलं, ऑपरेशनच्या पेशंटांना गाडीवरून आत न्यायचं काम. इथे आल्यावर मॅनेजरसाहेबांनी सांगितलं की या गाडीत भित्री माणसं येतात, त्यांना धीर द्या. म्हणून जसा देत आलो तसा देतोय. आपलं काय चुकलं ते बिचाऱ्याला कळेना. महाराक्षसाचं कोडंही सासूबाईंनी बसल्या जागेवरून सोडवलं. तिथल्या ऑपरेटरला नुकती जुळी झाली आहेत, तो दिवसभर जांभया देतो, आणि जांभई देणाऱ्या माणसाने पट्टा बांधला की कुणाला भीती वाटणार?

एव्हाना माझा आवाज ऑफिसपर्यंत पोचून मॅनेजर धावत आला होता. नवीन यंत्र नमुन्यादाखल आधीच आणलेलं, त्याच्या खिशातच होतं. त्याने ते झटकन माझ्या मनगटाला बांधलं. आकडा बघून त्याचे डोळे विस्फारले. त्याच्या नोकरीत इतके ठोके त्याने पाहिले नव्हते. साडेचार बदाम सहज, तो म्हणाला, म्हणजे मावशी चुकल्याच.

"गाडी उभी आहे," सासूबाई म्हणाल्या. "गाडीचा एकच बदाम. उरलेले या भल्या माणसाच्या बोलण्याचे. तुमच्या यंत्राला विचारा, हे काळीज कशाकशाला किती घाबरलंय ते."

मॅनेजरने आकडा पुन्हा वाचला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला न आवडणारा आनंद पसरला. यंत्र राहू दे, तो म्हणाला, पण मावशींपेक्षा हे गृहस्थ जास्त घाबरतात. मावशींच्या जागी हेच का नकोत?

सासूबाईंनी बार घट्ट धरला. आणि मी, ज्याने आयुष्यात कुठल्याच बाबतीत दुसरा नंबर मान्य केला नाही, तो मी म्हणालो, "साहेब, माझी भीती कच्ची आहे. मला काहीही विचारून बघा."

त्याने विचारलं. महाराक्षस? पाच, मी म्हणालो. गोगलगाय? पाच. सरबताचं दुकान? चार, कारण बाई फटकळ आहेत. ऑफिसचा जिना? त्याला कठडा एकाच बाजूने आहे, पाच. हे सगळं मी खरं तेच सांगत होतो, याचा मला नंतर फार त्रास झाला. मॅनेजरने हळूच माझ्या मनगटावरचं यंत्र सोडलं आणि खिशात टाकलं.

मग त्याने ऑपरेटरला सांगितलं की आता काही एक न बोलता बटण दाबा. ऑपरेटरने ओठ घट्ट मिटले, त्याला ते फार जड गेलं, आणि गाडी सुटली. तळ्याभोवती काय काय होतं ते मी पाहू शकलो नाही. सासूबाईंनी पूर्ण वेळ माझा हात धरला होता. बायको म्हणते की धरला मी होता, पण ती लांब उभी होती आणि चष्मा अजून माझ्या खिशात होता.

गाडी थांबली. मॅनेजर, ऑपरेटर, मिस्त्री, रांगेतली सगळी माणसं कठड्याशी गोळा झाली होती. कुणी हसत नव्हतं.

"मावशी," मॅनेजरने अदबीने विचारलं, "किती?"

सासूबाईंनी केस सारखे केले.

"एक," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला कुणी विचारलं नाही.