एल्म फोर्कची न्याहारी आणि तिचा सात मिनिटांचा इतिहास

"सात मिनिटं! एक सेकंद जास्त नाही, आणि एकाही माणसाला 'पण' म्हणायला जागा नाही!" वर्लिन स्टोल्झने स्वयंपाकघरात जाहीर केलं.

"ज्या गावात पाण्याच्या टाकीला कुठला रंग द्यायचा यावर अकरा महिने भांडण चाललं, त्या गावाला तू सात मिनिटांत गप्प करणार?" त्याची बायको मार्डेल म्हणाली. तिने अंड्यांवरून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीची जबाबदारी तिची होती: अंडी-बटाटा-चीजचे चौदा ट्रे, एकशेदहा माणसं.

वर्लिनने चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि तेवढीच वर्षं गावाच्या प्रार्थना-न्याहारीला फक्त खुर्च्या मांडल्या. वर्षातून एकदा नगराध्यक्षा, कौन्सिल, शेरीफ, शाळामंडळ एकत्र बसतात, तिन्ही चर्चचे धर्मगुरू त्यांच्यासाठी प्रार्थना करतात आणि मग सगळे जेवल्यासारखे खातात. यंदा पन्नासावं वर्ष. नगराध्यक्षा लवोन ही वर्लिनचीच विद्यार्थिनी. ती म्हणाली होती, "सर, न्याहारीचा इतिहास तुम्ही वाचा. सगळ्यांना पटला की स्मरणपुस्तिकेत छापू, मुखपृष्ठावर तुमचं नाव!"

बस्स! माणूस तीन आठवडे तळघरांतून पेट्या उपसत होता. मुखपृष्ठावरचं ते नाव त्याला इतकं हवं होतं, की झोपेतसुद्धा तो अक्षरांचा आकार ठरवायचा. आणि सापडलं! अकरा नंबरच्या पेटीत, १९७४ सालचं इतिवृत्त. टाकीच्या रंगावरून तेव्हाचे नगराध्यक्ष आणि शाळामंडळाचे प्रमुख एकमेकांशी बोलेनासे झाले होते. शेवटी वैतागलेल्या फायर चीफने बंब बाहेर काढले, शेडमध्ये टेबलं लावली आणि दोघांना समोरासमोर बसवलं. कुणीतरी दोन ओळी प्रार्थना म्हटली. ती पहिली न्याहारी. कुठल्याही चर्चचा काडीचाही संबंध नव्हता!

सकाळी साडेसहाला मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये वर्लिनने हे वाचलं. सहा मिनिटं पन्नास सेकंद. आणि कुणी 'पण' म्हटलं नाही! त्याने विजयी नजरेने मार्डेलकडे पाहिलं.

"हं. वेगळंच आहे," शेरीफ पुटपुटला.

एल्म फोर्कमध्ये याहून जहाल टीका अस्तित्वात नाही. इथे कुणी कुणाला तोंडावर 'चूक' म्हणत नाही.

मग मेथडिस्टांच्या पास्टर जॉइस शाळांसाठी प्रार्थना करायला उठल्या. एकशेदहा माना खाली गेल्या, डोळे मिटले. वाफाळते ट्रे टेबलावर होते, पण प्रार्थना संपेपर्यंत काट्याला हात लावायचा नाही.

"हे परमेश्वरा, आमच्या मुलांना सांभाळ. आणि तुला तर माहीतच आहे, की बंबाच्या शेडमध्ये चूल नव्हती, आणि पहिल्या न्याहारीचे पॅनकेक आमच्या याच तळघरात भाजले गेले..."

वर्लिनने खाडकन डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले! आता प्रार्थना करणाऱ्याला मध्येच अडवणार कोण?

त्यांचं 'आमेन' हवेत असतानाच बाप्टिस्टांचे पास्टर ड्वेन उठले. त्यांच्या वाट्याला शेतकरी होते. "हे प्रभो, पाऊस वेळेवर दे. आणि ज्या फायर चीफला तू ही कल्पना सुचवलीस, तो आमच्या चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसायचा, हे विसरणाऱ्यांना क्षमा कर."

"क्षमा?" वर्लिन दात-ओठ खात म्हणाला. "मला?"

"श्श! प्रार्थना चालू आहे!" शेजारची बाई डोळे मिटूनच म्हणाली.

फादर स्टॅन गावासाठी उठले. त्यांनी थेट सॉसेजपासून सुरुवात केली. सॉसेज कॅथलिकांनी दिले होते म्हणे, आणि तेही उपवासाच्या काळात, स्वतः न खाता! त्यावर जॉइसबाईंना आणखी एक प्रार्थना सुचली. मग ड्वेनना दोन. चीजवर साय धरली. मार्डेल स्वयंपाकघराच्या दारात हातात उलथनं घेऊन उभी होती, आणि तिचा चेहरा प्रार्थनेचा नव्हता.

वर्लिनचा संयम सुटला. हा चौथ्याच, लुथरन पंथाचा माणूस जन्मात चारचौघांत मोठ्याने प्रार्थना म्हणाला नव्हता. प्रार्थना खाजगीत करायची, आंघोळीसारखी, हे त्याचं मत. पण प्रार्थनेला उत्तर फक्त प्रार्थनेनेच देता येतं! तो उठला. खुर्ची मागे पडली.

"हे देवा!" तो गरजला. "मी तीन आठवडे धूळ खाल्ली! पेटी क्रमांक अकरा, पान चार, परिच्छेद दुसरा! पॅनकेक नव्हते, सॉसेज नव्हते, शिळे डोनट होते! पान पाच! ते दोघं भांडत आले आणि डोनट खाऊन भांडतच गेले, पण एकमेकांशी बोलत गेले! यात कुणाचं चर्च नव्हतं! तू तिथे होतास ना? मग सांग की यांना! मी थकलो, देवा! माझं कुणी ऐकत नाही!" त्याचा आवाज चिरकला.



"आमेन!" मार्डेलने उलथनं आपटलं. "खा आता!"

थंडगार अंडी सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.

संध्याकाळी लवोन घरी आली. "सर, स्मरणपुस्तिकेच्या कमिटीचं एकमत झालं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा!"

वर्लिनची छाती फुगली. "मुखपृष्ठ कसं करायचं म्हणतेस?"

"इतिहास वगळलाय, सर. उगाच वाद नको. पण तुमची ती प्रार्थना! किती मनापासून! शेरीफ रडला. तिन्ही धर्मगुरू म्हणाले, असं आम्हालाही जमत नाही. आता दर वर्षी प्रार्थना तुम्हीच म्हणायची. आयुष्यभर!"

वर्लिन मटकन खुर्चीत बसला. मार्डेल तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रन कोंबून हसत होती.

"फक्त एक विनंती आहे, सर," दारातून वळून लवोन म्हणाली. "पुढच्या वर्षी देवाला पान नंबर नका सांगू."