तिसऱ्या रांगेतलं बाळंतपण

कादंबरी वाचल्याशिवाय सिनेमाला जाणारा माणूस मी नव्हेच! चौसष्ट सालच्या हिवाळ्यात हॅम्बर्गला आमच्या विद्यापीठात एक पोलिश सिनेमा लागला. जुन्या, जाडजूड पोलिश कादंबरीवरचा. घरमालकीण फ्राऊ लेंट्झना मी ऐटीत म्हणालो, "चला! संवाद पोलिश असले तरी कथा मी सांगतो. अख्खी कादंबरी वाचलीय!"

दोन खंडांपैकी पहिला वाचला होता. दुसरा ग्रंथालयातून कुणीतरी नेलेला!

पण बाईंना खूश करणं भाग होतं. तिकडे पुण्यात माझी बायको कुसुम ट्रंक भरून बसली होती आणि तिला माझ्या खोलीत राहू द्यायचं की नाही, हे बाईंच्या हातात होतं. "आधी तुम्ही खरं बोलणारा माणूस आहात का ते बघीन," असं त्यांनी बजावलं होतं.

पहिला तासभर मी काय फर्डा बोललो! मग माझा खंड संपला. पडद्यावर नायिका रडत रडत नवऱ्याचं घर सोडून गाडीत बसली. सोबत ट्रंक.

"ही कुठे निघाली?" बाईंनी विचारलं.

आता ट्रंक घेऊन, डोळे पुसत बायको कुठे जाणार? "माहेरी! बाळंतपणाला!" मी ठोकून दिलं. "पहिलं बाळंतपण आईकडेच असतं."

बाईंनी ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने तिच्या शेजारणीला. अख्खी तिसरी रांग हळहळली. एवढ्या बर्फात, अवघडलेली पोर, आणि उघडी गाडी!

गाडी थांबली ती मठाच्या दारात. नायिकेचे केस कापले, अंगावर जोगिणीचा झगा चढला. रांग माझ्याकडे वळली.

"आणि बाळ?" बाई कुजबुजल्या.

"आजीकडे ठेवलंय," मी पुटपुटलो.

दिवे लागले. पोलिश साहित्याचे प्राध्यापक उठून म्हणाले, "काही प्रश्न?" झालं! फ्राऊ लेंट्झचा हात वर! "त्या बाळाला आई कधीच भेटणार नाही का हो?"

"कुठलं बाळ?" प्राध्यापक म्हणाले.

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो तो बराच वेळ वर आलो नाही.

घरी येईपर्यंत बाई माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिल्या. कुसुमची ट्रंक आता पुण्यातच राहणार, या विचाराने मला रडू यायचंच बाकी होतं. दारात त्या थांबल्या.

"हेर टिपणीस, तुमची बायको पुस्तकं शेवटपर्यंत वाचते?"

"हो."

"गेनाऊ! अगदी बरोबर! मग तिला लवकर बोलवा. या घरात खरं सांगणारं कुणीतरी हवं."

मी उड्या मारत कुसुमला कळवलं. तिचं उत्तर आलं, ते मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"अहो, नुसतं तुम्ही म्हणताय म्हणून मी निघत नाही. बाईंना स्वतः लिहायला सांगा!"