तळघर जंक्शनची तपासणी

नियोजनाच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. ऑफिसात मी नियोजन विभागातच आहे. कुठलं काम वेळेवर होणार नाही, हे मी महिनाभर आधी छातीठोकपणे सांगू शकतो! त्यामुळे घराच्या तळघरात छोट्या गाड्यांची मोठी रेल्वे उभारायचं मी ठरवलं, तेव्हा त्यात काही चुकेल अशी शंकाही मला आली नाही. शंका घेण्याचं खातं आमच्याकडे बायकोकडे असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जमिनीवर गोल रूळ मांडायचे, चावी द्यायची आणि टाळ्या पिटायच्या, ते पोरांचं काम. माझी रेल्वे म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कमरेएवढ्या उंच टेबलांवर पसरलेला अख्खा मुलूख! डोंगर, बोगदा, नदी, दोन स्टेशनं, मालधक्का, शिवाय फलाटावर छत्री धरून उभा असलेला नखाएवढा प्रवासी. या सगळ्याच्या मधोमध मोकळा चौक सोडलेला. त्या चौकात उभं राहून मी बटणं दाबणार आणि चारी बाजूंनी गाड्या धावणार, असा एकंदर थाट होता.

अडचण एकच. तळघर बायकोला हवं होतं. तिला तिथे शिवणवर्ग काढायचा होता. गल्लीतल्या बायका कात्र्या परजून तयार होत्या आणि शिलाई मशिनं आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन पडली होती. सोफ्यावर बसायचं तर एका मशिनला मांडीवर घ्यावं लागायचं.

"अहो, तळघर मला हवंय हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं की!"

"मग?"

"मग काय? तू नुसतं 'हवंय' म्हणालीस. मी काम सुरू केलं!"

नियोजनातलं हे मूलतत्त्व तिला पटलं नाही. दोन आठवडे आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. शेवटी तिनेच तोडगा काढला.

"बाबांना बोलावते. ते म्हणाले ही रेल्वे आहे, तर तळघर तुमचं. मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण ते म्हणाले हे खेळणं आहे, तर त्याच दिवशी सगळं खोक्यात जाईल आणि मशिनं खाली येतील. कबूल?"

तिचे बाबा म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. आमच्या लग्नाच्या बोलणीला मी जरासा उशिरा पोचलो होतो, तर 'मुलगा कसा आहे?' या प्रश्नाला त्यांनी 'लेट आहे' एवढंच उत्तर दिलं होतं. इतक्या वर्षांत या माणसाने माझं कौतुक केलेलं नाही. तरी मी 'कबूल!' म्हणालो. बोलायला काय जातं!

एवढंच करून मी थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला औदार्याचा झटका आला. बायको म्हणाली होती, "निदान माझ्या कापडाच्या गठ्ठ्यांना तरी जागा ठेवा." मी लगेच टेबलांच्या खाली चारही बाजूंनी कपाटं ठोकून दिली. दारं बाहेरच्या बाजूला, पाठी चौकाच्या बाजूला, आणि पाठीला एकदम भक्कम फळ्या. पूर्वी टेबलाखालून रांगत चौकात जाता यायचं. आता आत जायची वाट एकच उरली, ती म्हणजे नदीवरचा पूल. त्याला मी बिजागरी बसवली होती. पूल वर उचलायचा, त्याच्या खालच्या बुटक्या कपाटावरून पाय टाकून आत शिरायचं, पूल खाली टाकायचा. वर गाडी, मधून मी! स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं.

डोंगरासाठी मी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची मदत घेतली. दातांचे ठसे घ्यायचं उत्तम प्लास्टर त्यांच्याकडे होतं, आणि रविवारी त्यांना कुणाच्याही तोंडात हात घालायला मिळत नसल्यामुळे ते कासावीस असायचे. त्यांनी जीव ओतून डोंगर केला. तो थोडासा दाढेसारखा झाला, पण म्हटलं, निसर्गात काय वाट्टेल ते असतं. माणूस कामाला वाघ. फक्त एक खोड. कुठे फट दिसली की भरल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

तपासणीचा रविवार उजाडला. बाबा दुपारी येणार होते. सकाळी मी चौकात शिरून, पूल खाली टाकून, टेबलाच्या कडेखाली डोकं घालून एक सैल वायर जोडत होतो. बाहेर डॉक्टर शेवटचा हात फिरवत होते. तेवढ्यात वरच्या दाराची घंटा वाजली आणि बायकोचा आवाज आला, "अगं बाई! बाबा, तुम्ही इतक्या लवकर?"

मी घाईघाईने डोकं बाहेर काढलं.

"झालं हो!" डॉक्टर हात पुसत म्हणाले. "पुलाच्या टोकाला केवढी फट ठेवली होतीत! सासऱ्यांना दिसली असती म्हणजे? भरून टाकली."

"भरली?"

"बिजागरीसुद्धा झाकली. आता जोड कुठे आहे, ओळखून दाखवा!"

"डॉक्टर, तो दरवाजा होता!"

डॉक्टरांनी पुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "होता खरा," ते म्हणाले.

"ओलं असेल ना अजून?"

"काहीतरीच काय! माझं प्लास्टर आहे ते. पेशंट किती वेळ आ करून बसणार? चुटकीसरशी घट्ट होतं."

मी पूल खालून ढकलला, खांद्याने रेटला. ढिम्म! टेबलावरून चढून जावं तर समोर अख्खं गाव, आणि खालची फळी इतकी पातळ की नियोजन करताना मी फार तर मांजराचं वजन धरलं होतं. मांजर आणि मी यांत बराच फरक आहे, असं बायको नेहमी म्हणतेच.

"अहो! बाबा आलेत! वर या!"

"बाबांनाच खाली घेऊन ये!"

"अहो, ते प्रवासातून आलेत! दारात जाऊन विचारपूस करायची काही रीत आहे की नाही?"

"गाडी सोडायची वेळ झालीय!" मी ओरडलो. सुचलं ते बोललो.

मग जिना वाजला. पुढे बायको, तिच्या नाकपुड्या फुललेल्या. मागे बाबा, हात पाठीशी बांधलेले.

"बघा!" बायको म्हणाली. "सासरा दारात आलाय आणि हे खेळत बसलेत!"

"थांब," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. "बरोबर आहे त्यांचं. ड्यूटीवरच्या माणसाने जागा सोडायची नसते. शाब्बास, जावईबापू!"

शाब्बास! माझे कान धन्य झाले. मी छाती पुढे काढली. डॉक्टर खोकले. मी डोळे वटारले, तसे ते गप्प बसले.

तपासणी सुरू झाली. बाबा एकेका स्टेशनाशी वाकून बघत होते. "फलाटावर नळ नाही." मी म्हणालो, "लावतो." "हा छत्रीवाला फलाटाच्या कडेला आलाय. मागे घ्या त्याला." डॉक्टरांनी लगेच खिशातून चिमटा काढून प्रवाशाला मागे घेतलं. त्यांच्या खिशात चिमटा कायम असतो, रविवारीसुद्धा.

"चहा झालाय. बाहेर येऊन घ्या," बायको म्हणाली.

"इथेच दे."

"हात तरी धुवाल?"

"ड्यूटी!" मी म्हणालो.

"बघ!" बाबा तिला म्हणाले. "माझ्या हाताखाली असा एक माणूस असता तर!" बायकोने डोंगरावरून कप माझ्या हातात दिला, पण देताना ती माझ्या पायांकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात चहा आला की मी काम सोडलं नाही असं कधी झालेलं नाही, तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय हे तिने ओळखलं होतं.

"आता सोडा गाडी," बाबा म्हणाले.

मी बटण दाबलं. काय सांगू! दिवे लागले, सिग्नल पडला आणि माझी पॅसेंजर डौलात निघाली. नदी ओलांडली. पूल हलला नाही, कसा हलणार! वळण घेतलं आणि गाडी बोगद्यात शिरली. बाबांच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं. तळघर माझंच होणार याची मला खात्री पटली.

गाडी बोगद्यातून बाहेर येईना.

आम्ही सगळे बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. डॉक्टर मात्र छताकडे बघत होते.

"डॉक्टर," मी हळूच विचारलं, "बोगद्यात तुम्ही काही..."

"आतून जरा खडबडीत होता. म्हणून अस्तर दिलं थोडं."

"रुळांवर?"

"थोडं ओघळलं असेल."

माझी पाचावर धारण बसली. गाडी मागे घ्यायला म्हणून मी भलतंच बटण दाबलं, आणि मालधक्क्यावरची मालगाडी अशी काही सुसाट सुटली की तिला जणू माहेरी जायचं होतं! मी 'अरे अरे' म्हणेपर्यंत ती बोगद्यात घुसली. आत खाडकन आवाज झाला. डोंगराच्या माथ्यावरचं एक झाड आडवं झालं.

"अपघात!" बाबा कडाडले. त्यांचं वय एकदम उतरलं. "सगळ्या लाइनी बंद! सिग्नल लाल! कुणी कशाला हात लावायचा नाही! डॉक्टर, तुम्ही मदतकार्य बघा!"

डॉक्टर एका पायावर तयार! त्यांनी घरून छोटा आरसा आणि टॉर्च आणला, बोगद्यात डोकावले आणि म्हणाले, "मागचा डबा हलतोय. काढावा लागेल." सवयीने त्यांनी डोंगराला "दुखलं तर हात वर करा" असंही सांगितलं.

"या गाडीचा ड्रायव्हर कोण?" बाबांनी विचारलं.

"मीच, बाबा."

"बाहेर या. जबाब द्या."

"इथूनच देतो ना!"

"अपघातानंतर कसली ड्यूटी? बाहेर या म्हणतो ना!"

आता मात्र बोलणं भाग होतं. "बाबा, येता येत नाही," मी म्हणालो. "पूल चिकटलाय."

मग बायको जी हसायला लागली, ती जिन्याच्या पायरीवर बसलीच! "म्हणजे ड्यूटी वगैरे काही नाही! अडकलेत! बाबा, हे सकाळपासून अडकलेत!"

बाबांच्या डोळ्यांतला आदर माझ्यादेखत ओसरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! मला खरंच वाईट वाटलं. एवढ्या वर्षांनी एक शाब्बास मिळाली होती, ती जेवायच्या वेळेपर्यंतही टिकली नाही.

"करवत आणते, पूल कापू," बायको डोळे पुसत उठली.

"खबरदार!" बाबा म्हणाले. "चौकशीआधी अपघाताच्या जागचं काही हलवायचं नाही. नियम आहे."

"पण बाबा, मी?"

"तुम्हीही अपघाताच्या जागीच आहात."

ते सगळे वर जाऊन जेवले. मी खाली चौकात उभा होतो. मधून मधून वरून हसण्याचा आवाज येत होता. जेवणानंतर बाबा खाली आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी प्रत्येकाचा वेगवेगळा जबाब घेतला. डॉक्टर म्हणाले, अस्तर उत्तम होतं, रूळ चुकीच्या जागी होते. मी म्हणालो, नियोजन उत्तम होतं, डॉक्टर चुकीच्या जागी होते. बायको म्हणाली, तळघरच चुकीच्या माणसाकडे आहे.

"मग निकाल काय?" तिने विचारलं. "रेल्वे की खेळणं?"

माझा जीव टांगणीला लागला.

बाबा उठले. "खेळण्यात काय असतं? चावी दिली, गाडी फिरली, संपलं. इथे गाडी बोगद्यात अडकली, मागून दुसरी आदळली, बोगदा बांधणारा म्हणतो चूक माझी नाही, ड्रायव्हर म्हणतो माझी नाही, आणि प्रवासी अजून फलाटावर उभाच आहे. मी जन्मभर जिथे नोकरी केली ती हीच. ही शंभर टक्के रेल्वे आहे. मोडायची नाही!"

मी चौकात उडीच मारली!

"मात्र," बाबा पुढे म्हणाले, "ज्याला स्वतःला बाहेर पडायची वाट ठेवता येत नाही, त्याच्या हातात मी गाडी देणार नाही. चौकशी पुरी होईपर्यंत ड्रायव्हर निलंबित."

"चौकशी कधी पुरी होईल, बाबा?"

"घाई करून चौकशी होत नसते, जावईबापू."

मला बाहेर काढण्यासाठी बायकोने कपाटांची एक बाजू पाठीच्या फळ्यांसकट उपसून काढली. त्या बाजूचं टेबलही काढावं लागलं. शेवटी डॉक्टरांनी बखोटीला धरून मला ओढून काढलं. मी कपडे झटकतोय तोवर बायको मोकळ्या झालेल्या जागेत फेऱ्या मारत होती. "अय्या! इथे सगळी मशिनं आरामात बसतात की!" ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत ती बसलीसुद्धा.

बाबा चौकशीसाठी आमच्याकडेच राहिलेत. उरलेल्या रेल्वेवर ते गाड्या चालवतात. डॉक्टर रोज दवाखाना बंद करून येतात आणि सिग्नल सांभाळतात. सगळं अगदी वेळेवर चालतं म्हणे. मी जिन्यात उभा राहून बघायला लागलो, तर 'कामाशिवाय आत येऊ नये' म्हणून बाबांनी मला वर पाठवलं.

तेव्हा मी डोकं चालवलं आणि शिवणवर्गात नाव घातलं! नियोजन म्हणतात ते याला. जागाही मोक्याची पटकावली, बोगद्याच्या तोंडासमोरची. पण आमच्या बाई भयंकर कडक आहेत. शिवताना मान वर केली की सगळ्यांसमोर ओरडतात. काल बाबांनी नवीन एक्स्प्रेस सोडली, वर्गातल्या बायका सांगत होत्या की फार देखणी आहे. मी उशीचा अभ्रा शिवत होतो. मला नुसता आवाज आला.