स्पॅनरकाकांचा लाल स्टँड

स्पॅनरकाकांनी एवढंच ठरवलं होतं, की गाडीचं ऑइल आपण घरीच बदलायचं. यात वाईट काय? काहीच नाही. लोक घरच्या घरी केस कापतात, भिंती रंगवतात. फक्त माणसाने आधी आपले हात बघावेत आणि मग हत्यार बघावं. काकांचे हात पाणीपुरवठा ऑफिसात शिक्के मारून मारून लोण्यासारखे झालेले. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक छोटा स्पॅनर, म्हणून गल्लीने नाव ठेवलं स्पॅनरकाका. त्या स्पॅनरने त्यांनी आजवर काय काय उघडलं? (सोड्याच्या बाटल्या. बाकी पाठ खाजवायला.)

गाडीही साधीसुधी नाही, एटीव्ही. म्हणजे चार गलेलठ्ठ टायर, मधे घोड्यासारखी सीट आणि पुढे मोटारसायकलचं हँडल. ऑफिसने डोंगरातली पाइपलाइन तपासायला घेतली होती, मग लिलावात काढली, आणि काकांनी ती घरी आणली. घरी आणली म्हणजे पोर्चमध्ये कोंबली. तेव्हापासून घरात शिरायचं तर पोट आत घेऊनच शिरावं लागायचं. कपडे वाळत घालायला काकू एका हातात बादली धरून सीटवर चढायच्या आणि पलीकडे उतरायच्या. रोज. पोस्टमन तर लांबूनच पत्र फेकायचा.

"अहो, ही चालत का नाही?" काकूंनी विचारलं.

"चालते गं. पण सर्व्हिसिंग झाल्याशिवाय चालवायची नसते."

"मग माझ्या भावाच्या गॅरेजात न्या. अर्ध्या तासाचं काम."

"तुझ्या भावाला स्कूटरी कळतात. हे मशीन वेगळं आहे. याला आधी व्यवस्थित उचलायला लागतं. त्याला स्टँड लागतो. आणि स्टँड निवडणं म्हणजे काय भाजी निवडणं नव्हे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या दिवसापासून काका स्टँड निवडायला बसले ते बसलेच. जेवताना स्टँड, आंघोळीला जाताना स्टँड, झोपेत स्टँड. एका सकाळी काकूंनी बजावलं, "रात्री तुम्ही 'लाल घेऊ का निळी' असं चारदा विचारलंत. ती लाल कोण आणि निळी कोण, ते आधी सांगा."

शेवटी काकूंनी फर्मान काढलं. रविवारपर्यंत गाडीचं काम झालं तर गाडी राहील. नाही तर भाऊ टेम्पो घेऊन येईल आणि गाडी जाईल ती कायमची.

आयुष्यात पहिल्यांदा काकांकडे असं काहीतरी होतं, जे बघायला गल्लीतली पोरं थांबायची. (पोरं हसायला थांबायची. पण थांबायची ना!)

काका धावत हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक हायड्रॉलिक लिफ्ट, काळी, अवजड, पायाने दांडा दाबला की वर जाणारी. दुसरा लाल स्टँड. तोही पायानेच चालणारा, पण नाजूक, चकचकीत, वर हँडबॅगसारखी मूठ.

"गाडीचं वजन किती?" दुकानदार म्हणाला.

"चांगलं आहे."

"अहो, चांगलं म्हणजे किती? हा लाल अडीचशे किलोचा आहे. त्याच्यावर गेलात तर बसेल. स्टँड बसेल आणि मग तुम्ही बसाल."

काकांना वजन माहीत नव्हतं. गाडीवरचा वजनाचा पत्रा घासून गुळगुळीत झालेला. पण लाल स्टँडवर जीव जडला होता. आता प्रश्न फक्त गाडी त्याच्या लायकीची आहे का, एवढाच होता.

घरी आले तर काकू बाहेर गेलेल्या. काकांची नजर बाथरूममधल्या वजनकाट्यावर पडली. गोल तबकडीचा, स्प्रिंगचा, काकूंचा अत्यंत लाडका आणि अत्यंत नावडता. महिनाभर काकू उकडलेल्या भाजीवर होत्या, आणि काटा रोज सकाळी तोच आकडा दाखवून त्यांचा दिवस नासवत होता.

काकांना आयडिया सुचली. गाडीला चाकं चार. एकेक चाक काट्यावर चढवायचं, चार आकडे घ्यायचे, बेरीज करायची. (शाळेत एवढं डोकं चालवलं असतं तर आज साहेब झाले असते.) फळी लावली, गाडी ढकलली, चाक फळीवर चढलं, काका खूश झाले, फळी सटकली आणि चाक धाडकन काट्यावर आदळलं.

आतून आवाज आला, "कट्."

"बसलं नीट," काका म्हणाले.

नीट कसलं! आतली स्प्रिंग अशी काही आखडली होती, की त्यानंतर काटा शून्यावरून दिमाखात निघायचा आणि अर्ध्या वाटेत दमायचा. पण काकांना काय त्याचं! चारही चाकांची बेरीज आली एकशे सत्तर किलो. काकांनी गाडीच्या टाकीवर थाप मारली. "दिसतेस दांडगी, पण आहेस फूल!"

दुकानदार आकडा ऐकून म्हणाला, "एवढी हलकी? तिच्यात इंजिन आहे ना?" पण गिऱ्हाईकच म्हणतंय तर तो तरी काय करणार. लाल स्टँड घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून किंकाळी आली. काका ब्रश तोंडात घेऊन धावले. काकू काट्यावर उभ्या, दोन्ही हात गालांवर.

"अहो! तेरा किलो!"

"काय तेरा किलो?"

"गेले! एका रात्रीत! भाजी लागू पडली हो!"

काकांची ट्यूब तिथल्या तिथे पेटली. काट्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, पुन्हा काट्याकडे बघितलं. तोंडातला फेस गिळला.

"अगं, मला काय वाटतं, तो काटा जरा..."

"जरा काय?" काकूंचे डोळे बारीक झाले.

"जरा... छान आहे. जपून वापर."

त्या दिवशी घरात जे काय झालं ते काकांनी लग्नानंतर बघितलंच नव्हतं. काकू गाणं म्हणत कणीक मळत होत्या. पंधरा वर्षं पेटीत पडलेला निळा ड्रेस बाहेर आला. तो अंगात शिरेना, तर काकू म्हणाल्या, "ड्रेस आटलाय." आणि संध्याकाळी त्यांनी काकांदेखत भावाला फोन लावला. "अरे, गाडी न्यायची घाई नको करूस. राहू दे. यांचा जीव आहे तिच्यात. तू नुसता ये रविवारी, मला बघायला ये."

गाडी वाचली! काका पोर्चमध्ये जाऊन टायरला मिठी मारून आले. पण मिठी मारतानाच डोक्यात किडा वळवळला. काटा खोटा आहे म्हणून गाडी राहिलीय. काटा खरा झाला की गाडी गेली. आणि काटा खोटा असेल तर गाडीचं वजनही खोटं. म्हणजे लाल स्टँड... धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. त्यांनी ठरवलं, स्टँडला हातच लावायचा नाही. पुसायचा, ठेवायचा, पाहुण्यांना दाखवायचा.

रविवारी मेव्हणा टेम्पो घेऊन हजर. (त्याच्याकडे दुसरं वाहनच नव्हतं. तो केस कापायलाही टेम्पोनेच जायचा.) उतरल्या उतरल्या म्हणाला, "काय दाजी, झालं का ऑइल?"

"होईल रे. घाई कसली?"

"घाई कसली म्हणजे?" काकू निळा ड्रेस घालून बाहेर आल्या. मागची चेन अर्धीच लागली होती, वरून ओढणी. "आज याच्यासमोर उचलून दाखवा. फार बोलतो तुम्हाला. आणि हे बघा, मी वर बसणार."

"कुठे वर?"

"गाडीवर! तुम्ही उचलायचं, मी बसायचं, याने फोटो काढायचा."

काका स्टँडच्या आडवे उभे राहिले. "अगं, स्टँडला वजनाची मर्यादा असते."

"अडीचशे. वाचलंय मी." काकू बोटांवर मोजायला लागल्या. "गाडी एकशे सत्तर, तुम्हीच सांगितलंत. मी एकसष्ट. झाले दोनशे एकतीस. हिशोब बसतो. का नाही बसत?"

आता 'बसत नाही' म्हणायचं तर विचारणार, कुणाचा आकडा चुकला? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे निळा ड्रेस.

"बसतो," काका म्हणाले. आवाज उंदराचा.

मेव्हण्याने स्टँडकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि गुपचूप चार पावलं मागे सरकला. गॅरेजात माणूस एवढं तरी शिकतोच.

काकू सीटवर चढल्या. गाडीवर चढायची त्यांना सवयच होती, नेहमीची बादली तेवढी नव्हती. काकांनी स्टँड खाली सरकवला आणि दांडा दाबला. गाडी दोन बोटं वर आली. काकू म्हणाल्या, "अय्या!" अजून दाबला. तीन बोटं. काकांनाच आश्चर्य वाटायला लागलं, की बुवा, आपलीच शंका खोटी की काय. चारही टायर हवेत आले.

स्टँड कण्हला. आधी हळू, मग म्हातारा खुर्चीतून उठताना कण्हतो तसा. त्याचे पाय चहूबाजूंना पसरायला लागले, निवांत, जसं काही त्याला उन्हात लोळायचं होतं. आणि मग तो भुईसपाट झाला. गाडी खाली, टायर फुगलेले, म्हणून परत वर. काकूही वर, परत खाली, परत वर. दोघी मिळून तीनदा उडाल्या. तिसऱ्या वेळी ड्रेसची चेन "टर्रर्र" करून शेवटपर्यंत उघडली.

फोटो निघाला. नेमका तेव्हाच निघाला.

काकूंनी ओढणी गुंडाळून घेतली आणि सीटवरूनच विचारलं, "हे कशाने झालं?"

"वजन जास्त झालं, ताई," मेव्हणा बोलून गेला आणि जीभ चावली.

"कुणाचं?"

आता काकांना पुढे होणं भाग होतं. "गाडीचं! देवाशप्पथ गाडीचंच! तुझा काही संबंध नाही. नुसती गाडीसुद्धा त्याला जड होती. काट्याने गाडीचं वजन कमी दाखवलं!"

बोलून झाल्यावर काकांना हलकं वाटलं. फार तर दोन सेकंद.

"काट्याने," काकू सावकाश म्हणाल्या. "कुठल्या काट्याने?"

मेव्हण्याने आकाशात एक पक्षी शोधला.

"गाडी तुम्ही माझ्या काट्यावर चढवलीत. आणि तो बिघडला. आणि तुम्हाला ते माहीत होतं. आणि मी गल्लीभर सांगत सुटले, तेरा किलो, तेरा किलो. शिवणकामवालीला तर मी उकडलेल्या भाजीचा क्लास घेते म्हणून सांगितलंय!"

"अगं, तू इतकी खूश होतीस..."

"मी खूश होते, का गाडी राहिली म्हणून तुम्ही खूश होतात?"

काका वाकून भुईसपाट स्टँड पुसायला लागले.

मेव्हणा पुढे झाला. "ताई, मग गाडी टेम्पोत चढवू का?"

काकूंनी हँडलवरून हात फिरवला. "नको. गाडी राहील. ती बिचारी माझ्याशी खोटं बोलली नाही."

काकांचा चेहरा उजळला.

"यांना चढव."

"आं?"

"आलायस टेम्पो घेऊन तर रिकामा कशाला नेतोस? चार दिवस ठेव गॅरेजात. मी बोलावलं की आणून सोड."

मेव्हण्याची काय टाप! काकांना मागे चढवलं, दोन जुन्या टायरांच्या मधे बसवलं आणि टेम्पो निघाला. गल्लीतली पोरं बघायला थांबली होतीच. एकाने टाटासुद्धा केला.

कोपरा वळल्यावर मेव्हणा खिडकीतून मागे ओरडला, "दाजी, एक सांगू? ऑइल बदलायला ही गाडी उचलावीच लागत नाही. पोट केवढं उंच आहे तिचं! खाली हात घालायचा, नट सोडायचा, झालं."

"मग आधी बोलला का नाहीस?" काका टायरांतून ओरडले.

"तुम्हीच म्हणालात ना, मला स्कूटरीच कळतात!"

काका यावर काहीतरी जबरदस्त उत्तर देणार होते, तेवढ्यात मागून धडधड आवाज आला. बघतात तर एटीव्ही! वर काकू. ड्रेस बदललेला, ओढणी कमरेला खोचलेली, दोन्ही हात हँडलवर असे, जशी ही बाई जन्मापासून हेच चालवत आलीय. काकांनी ती गाडी लिलावातून घरी आणताना सायकलवाले पुढे गेले होते. काकूंनी टेम्पो मागे टाकला, काकांकडे ढुंकूनही न बघता ओरडल्या, "नवीन काटा आणायला चाललेय!" आणि धूळ उडवत पुढच्या वळणावर गायब.

मेव्हणा बघतच राहिला. "कमाल आहे, दाजी! गाडीवर चांगलं वजन पडलं की कशी रस्ता धरून पळते, बघा. ताईला फोन करून सांगू का?"

काका घाईघाईने दोन टायरांच्या मधून वर आले आणि त्यांनी हात जोडले. "नको रे बाबा! मला चारच दिवस राहायचंय तुझ्याकडे."