एक लिटर कमी

"फुंकून फुंकून डोळे बाहेर यायची वेळ आली, तरी म्हणे हवा कमी!" रंगारी उंच टाचेच्या बुटाची नाडी सोडता सोडता बुटालाच सांगत होता. शेजारी कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोने कान टवकारले.

"किती कमी?"

"एक लिटर. साडेचार हवी होती, साडेतीन निघाली."

कारखान्यात गाड्यांवर फवाऱ्याने रंग मारणाऱ्यांची दरवर्षी फुप्फुसं तपासत. यंदा यंत्र नवं आलं होतं. आठ दिवसांनी फेरतपासणी. तेव्हाही हव्या तेवढ्या हवेच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली आला, तर रंगखोलीतून थेट गोदामात, स्क्रू मोजायला. वीस वर्षं ज्याने एक ओघळ येऊ दिला नाही, तो माणूस स्क्रू मोजणार!

"माझ्या पोराची छाती लहान?" सासूबाई कडाडल्या. "अरे, लग्नातल्या कोटाची बटणं लागत नव्हती!"

'आणि पँट खालून चार बोटं दुमडली होती,' बायकोच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं. उंचीचा विषय त्या घरात निघत नसे. लग्न ठरताना सासूबाईंनी ठोकून दिलेले पाच फूट नऊ इंच लायसन्सपासून विम्यापर्यंत सगळीकडे तसेच चढले होते. फोटोतसुद्धा तो पायरीवर आणि ती पायरीखाली. तेव्हापासून ती सपाट चपला घालून, पाठीला जरासा बाक देऊन त्याच्या शेजारून चालत आली होती. वरच्या फळीवरचा डबा हवा असला की तो म्हणे, "अगं, डबा सापडत नाहीये," आणि ती तो 'शोधून' देई.

आठ दिवस घरात नुसती फूंफूं चालली. त्याने चाळीस फुगे फुगवले, गरम पाण्याची वाफ घेतली. सासूबाई घड्याळ घेऊन समोर बसत. "सोड आता! नको, थांब, अजून थोडा!"

फेरतपासणीला तिघं गेली.

"फुंका! फुंका! अजून, अजून, सोडू नका!" तपासनीस बाई ओरडत होती. रंगारी आधी लाल झाला, मग जांभळा. साडेतीन. तीनदा फुंकलं, तीनदा साडेतीन.

"काका, दम चांगलाय हो तुमचा," बाई बुचकळ्यात पडली. "पण एवढ्या उंच माणसाला कमी पडतोय. फुप्फुस केवढं हवं, ते यंत्र उंचीवरूनच ठरवतं ना. कार्डावर पाच नऊ आहे. बरोबर?"

रंगाऱ्याने छताकडे पाहिलं. सासूबाई पिशवीची चेन उघडून पुन्हा लावू लागल्या. बाईचं पेन 'अपात्र'च्या चौकटीवर टेकलं.

बायको उठली. सावकाश खांदे मागे घेतले, पाठ सरळ केली, आणि बाईला मान वर करावी लागली.

"पाच चार," ती म्हणाली. "बुटांसकट. आणि माझी पाच सात आहे."