सासऱ्यांच्या आवाजाचा बॅकअप

"पाच वर्षं या कॉम्प्युटरकडे बघावं लागणार नाही, बाबा!" जावयाने छाती फुगवून सांगितलं. पाच वर्षं राहू द्या, पाच आठवडेसुद्धा त्याला स्वतःला राहवलं नाही.

माणूस वाईट नव्हता, फक्त लिनक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीच्या, नादी लागलेला होता. लिनक्सचे प्रकार शेकड्यांनी, आणि त्याच्या लॅपटॉपवर दर महिन्याला नवा. बायको एकच कशी टिकली, याचं बायकोलाच नवल वाटे!

सासऱ्यांसाठी मात्र त्याने संथ, जुना, भरवशाचा प्रकार निवडला होता. कामच तसं होतं. सासऱ्यांना घशाचा कॅन्सर झाला होता, आणि ऑपरेशननंतर आवाज कायमचा जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सासरे जन्मभर नकाशे काढत आलेले. रडत बसण्याऐवजी त्यांनी यादी केली. बासष्ट वाक्यं! "अगं, चहा झाला का?" पासून "दमलीस, झोप आता" पर्यंत. जावयाने ती रेकॉर्ड करून एकेका बटणाला जोडली आणि सासऱ्यांनी बटणांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. एक बटण दाबलं की स्वयंपाकघरातून सासूबाई "आले, आले!" म्हणत धावत, आणि सासरे तोंड मिटून हसत.

इथे थांबायला काय हरकत होती? पण तेवढ्यात रोज अपडेट होणारा एक नवाकोरा प्रकार निघाला, आणि जावयाचे हात शिवशिवू लागले.

"बाबा, याहून चांगला आलाय. टाकू?" ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं आणि स्वतःचा लॅपटॉप पुढे केला. "यावर आवाज बघा किती स्वच्छ येतो. बोला काहीही!"

सासरे माइकपाशी वाकून म्हणाले, "जावईबापू, चालतंय ना? मग हात लावू नका!"

"वा! काय स्वच्छ आलाय!" रेकॉर्डिंग परत लावून जावई खूश.

सासरे हॉस्पिटलात गेले आणि जावयाला मैदान मोकळं मिळालं. बॅकअप घेतल्याशिवाय हात लावणाऱ्यांतला तो नव्हता. स्क्रीनवरचं 'बाबांचा आवाज' हे चिन्ह त्याने पेन ड्राइव्हवर टाकलं. कॉपी क्षणात झाली. त्याचंही श्रेय त्याने लिनक्सच्या वेगाला दिलं! मग सगळी डिस्क पुसली, नवा प्रकार टाकला, आणि पेन ड्राइव्ह उघडला.

आत आवाज नव्हता. होता फक्त शॉर्टकट, आवाज कुठे ठेवलाय ते सांगणारा. आणि ती जागा त्याने नुकतीच पुसली होती.

डिस्क घेऊन तो दुरुस्तीवाल्याकडे धावला.

"काही निघेल?"

"साहेब, पुसून वर सांकेतिक कुलूपही घातलंय तुम्ही, आता काही निघत नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "फार मन लावून काम करता."

दहा दिवसांनी सासरे घरी आले. गळ्याला पट्टी, अंगात त्राण नाही. पण खुर्चीत बसताच त्यांनी चहाचं बटण दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं.

"अहो, दाबलंत का?" स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "मी ऐकतेय!"

जावयाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्याने सगळं कबूल केलं. बायको त्याच्याकडे बघेना. सासऱ्यांनी वही ओढून लिहिलं, 'बासष्टही?' त्याने होकारार्थी मान हलवली. त्यांनी वही मिटली, आणि त्या मिटण्याचा आवाज त्याला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागला.

मग त्याला स्वतःचा लॅपटॉप आठवला. निदान एक वाक्य शिल्लक होतं!

आता सगळ्या बटणांना तेच जोडलेलं आहे. चहा हवा असला तरी "जावईबापू, चालतंय ना? मग हात लावू नका!" पंखा कमी करायचा असला तरी तेच. सासूबाई चेहरा बघून ओळखतात आणि सहसा चुकत नाहीत. झोपण्याआधी मात्र 'दमलीस' लिहिलेलं बटण त्या स्वतः दाबतात, आणि जावयाला भरलेला तो दम डोळे मिटून पुरता ऐकतात.

परवा जावई आला, तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना झळकत होती: अपडेट उपलब्ध.

"एवढं एकच करून टाकतो, बाबा. दोन मिनिटांचं काम..."

सासऱ्यांनी शांतपणे बटण दाबलं.

आणि या वेळी वाक्य अगदी बरोबर लागू पडलं!